वाटाण्याचा संकर हाताने करून गुणांची विभागणी कशी मोजावी

वाटाणा हे आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं पीक. ब्रनोच्या मठातल्या बागेत १८५६ पासून त्याने संकर केले आणि १८६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या निसर्ग-अभ्यास मंडळासमोर दोन बैठकांत निष्कर्ष मांडले. ३:१ हे प्रमाण, म्हणजे नातवंडांच्या पिढीत एक गुण तीन वाटे आणि दुसरा एक वाटा अशी विभागणी, तिथून पाठ्यपुस्तकात आलं. चौकटींचा तक्ता वहीत कुणालाही भरता येतो. घोळ होतो तो खऱ्या झाडावर: कळी उशिरा उघडली जाते, लेबल पावसात धुऊन जातं, आणि सगळ्यात जास्त वेळा, शेंगेत दिसणारा गुण कोणत्या पिढीचा हेच कळत नाही.

हा लेख त्या घोळासाठी आहे. बीएस्सी, कृषी पदविका किंवा बारावीचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, शिक्षक, आणि परसात चार ओळी लावून हे स्वतः पाहू इच्छिणारे, या सगळ्यांना तो चालेल. तीन रब्बी हंगाम हाताशी हवेत. दोन हंगामांतही अर्धं काम होतं, आणि ते अर्धंही करण्यासारखं आहे.

१. शेंगेतलं काय कोणत्या पिढीचं, हे आधी पक्कं करा

बाकी सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे घाई नको.

झाडावर शेंग लागली की तिचं हिरवं कवच आईच्या झाडाचं असतं. दाण्यावरचं टरफलही आईचंच. टरफलाच्या आतली डाळ, म्हणजे दोन बीजपत्रं आणि त्यांच्यामधला कोंब, ही मात्र पुढची पिढी. परागकणातून आलेल्या बापाच्या जनुकांचा परिणाम पहिल्यांदा दिसतो तो या डाळीत.

याचा व्यवहारातला अर्थ असा:

- दाणा गोल की सुरकुतलेला, डाळ पिवळी की हिरवी: हे गुण संकर केलेल्या शेंगेतच, त्याच हंगामात दिसतात. ते दाणे म्हणजे एफ१, पहिली संकरित पिढी.
- टरफलाचा रंग, फुलाचा रंग, शेंगेचा आकार आणि रंग, झाडाची उंची: हे गुण बघायला तो दाणा पेरून झाड वाढवावं लागतं. एक हंगाम जास्त.

एफ१ झाडावर लागलेल्या शेंगांतली डाळ एफ२ असते, पण त्याच दाण्यांची टरफलं अजून एफ१ चीच. एकाच दाण्यात दोन पिढ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. एफ१ झाडावरच्या सगळ्या दाण्यांची टरफलं एकसारखी दिसली म्हणून "विभागणी झालीच नाही" असा निष्कर्ष काढणारे अहवाल याच एका गफलतीमुळे चुकतात.

२. आईबाप निवडा

पहिल्या प्रयोगाला दाण्याचे दोनच गुण घ्या: आकार आणि डाळीचा रंग. त्यांचा निकाल लवकर लागतो, आणि एका झाडावर तीसेक दाणे मिळतात म्हणून मोजायला आकडाही मोठा येतो.

आई: अर्केल. भाजीच्या वाटाण्याचा बुटका, लवकर येणारा वाण. फूल पांढरं, दाणा वाळल्यावर सुरकुततो, डाळ हिरवी.

बाप: धान्याच्या वाटाण्याचा गोल, पिवळ्या डाळीचा उंच वाण. उत्तर भारतातला 'रचना' हा त्यातला. आपण उसळीला वापरतो तो पांढरा वाटाणाही याच जातकुळीतला, पण किराणा दुकानातलं पोतं पेरणीसाठी घेऊ नका. त्यात अनेक वाणांची सरमिसळ असते, उगवण बेभरवशाची असते, आणि आयात केलेलं धान्य खाण्यासाठी आलेलं असतं, पेरण्यासाठी नाही.

सुरकुतलेली-हिरवी ही आई आणि गोल-पिवळा हा बाप, असंच का? गोल आणि पिवळा हे प्रभावी गुण, म्हणजे संकरात दिसणारे; सुरकुतलेला आणि हिरवा हे अप्रभावी, म्हणजे संकरात झाकले जाणारे. अप्रभावी गुणांची आई घेतली की फसलेला संकर शेंग उघडताच पकडता येतो. गोल पिवळे दाणे आले तर संकर साधला. सुरकुतलेले हिरवे आले तर फुलाचं स्वतःचंच परागण झालं होतं. उलट बाजूने केलं तर दोन्ही वेळा दाणे गोल पिवळेच दिसतील आणि चूक पुढच्या वर्षीपर्यंत लपून राहील. निकालाच्या दृष्टीने आईबापांची अदलाबदल केल्याने फरक पडत नाही, हे मेंडेलने दोन्ही बाजूंनी संकर करून दाखवलं आहे. आपण फक्त सोयीची बाजू घेतो.

फुलाचा रंगही बघायचा असेल तर मालवणी सांबाऱ्यातला काळा वाटाणा तिसरा जनक म्हणून घेता येईल. गडद टरफल आणि रंगीत फूल एकाच जनुकामुळे जोडीने येतात. मात्र गडद टरफलातून डाळीचा रंग दिसत नाही. प्रत्येक दाण्याचं टरफल कोंबाच्या विरुद्ध बाजूला नखाएवढं खरवडून बघावं लागतं. पहिल्या वर्षी हे टाळा.

दोन्ही वाण शुद्ध आहेत का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मेंडेलने ३४ वाण आणून दोन वर्षं तपासले आणि २२ ठेवले. तुम्ही निदान प्रत्येकी २० झाडं लावा. उंची, फूल, दाणा यांत एखादं झाड वेगळं दिसलं तर मुळासकट उपटा. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ१' लिहिलेलं बियाणं आई किंवा बाप म्हणून कधीच घेऊ नका. ते स्वतःच मिश्र असतं, आणि तुमच्या पिढ्यांचा हिशोब पहिल्याच दिवशी मोडतो.

३. साहित्य

- बारीक टोकाचा चिमटा, घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तसा. भुवयांचा चिमटा चालत नाही, त्याचं टोक रुंद असतं.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग.
- स्पिरिटची छोटी बाटली आणि कापूस.
- दोरा लावलेली लेबलं, सोनाराकडे किमतीसाठी असतात तशी.
- शिसपेन्सिल. बॉलपेनची आणि जेलपेनची शाई दवाने फिसकटते, पेन्सिल टिकते.
- बटर पेपरच्या लहान पिशव्या, साधारण ५ बाय ८ सेंमी, आणि स्टेपलर.
- आधारासाठी काठ्या, सुतळी.
- पुठ्ठ्याची जाड वही. मोबाइलवर फोटो काढाच, पण नोंद वहीतच.
- काचेच्या झाकणबंद बरण्या.

४. पेरणी: दोन्ही वाणांची फुलं एका वेळी आली पाहिजेत

वाटाण्याला थंडी लागते. महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. पुरंदरसारख्या पट्ट्यात खरिपातही वाटाणा घेतात, पण पावसात परागणाचं काम करणं जिकिरीचं. पारा ३० अंशांच्या वर राहू लागला की कळ्या गळतात आणि पराग निकामी होतो, म्हणून फेब्रुवारीत संकर करू असं म्हणू नका.

अर्केल साधारण ३५ ते ४० दिवसांत फुलावर येतो. उंच धान्य-वाण बराच उशीर लावतो. एकाच दिवशी पेरलं तर एकाची फुलं संपतात तेव्हा दुसऱ्याला कळ्या धरतात. म्हणून बाप आधी पेरा, आणि आई तीन हप्त्यांत: बापानंतर १० दिवसांनी, २० दिवसांनी, ३० दिवसांनी. कोणता तरी हप्ता जुळतोच.

बी ३ ते ४ सेंमी खोल. ओळींत ४५ सेंमी, दोन झाडांत १५ सेंमी अंतर ठेवा, कारण मध्ये पाट टाकून बसायचं आहे. कुंडीत करणार असाल तर बारा इंची कुंडीत तीन झाडं पुरे. बियाण्याला रायझोबियम हे नत्र पुरवणारं जिवाणू-खत चोळा. युरिया टाकू नका; नुसता पाला वाढतो आणि फुलं लांबतात. सुरकुतलेल्या दाण्यांचं बी गार, चिकट मातीत लवकर कुजतं, म्हणून अर्केलला पेरल्यावर पहिलं पाणी बेताचंच द्या.

५. कळी ओळखा

इथेच बहुतेक संकर फसतात. वाटाण्याचं फूल उमलतं तेव्हा परागण आधीच होऊन गेलेलं असतं. परागकोश फूल उमलायच्या साधारण एक दिवस आधी, कळीत बंद असतानाच फुटतात. उमललेल्या फुलावर तुम्ही कितीही नीट पराग लावा, उशीर झालेला असतो.

हवी ती कळी अशी असते: पाकळ्या हिरवट पांढऱ्या, आणि हिरव्या निदलांच्या टोकांच्या जेमतेम बरोबरीला किंवा किंचित बाहेर आलेल्या. चिमट्याने उघडून भिंगातून बघितलं तर दहाही परागकोश फिकट, ओलसर, घट्ट मिटलेले दिसतात. पिवळी भुकटी कुठेही दिसली, चिमट्याच्या टोकाला कणभर जरी लागली, तर ती कळी तोडून टाका आणि चिमटा स्पिरिटने पुसा. "होईल बहुधा" म्हणून ठेवू नका.

पहिल्याच दिवशी संकर करू नका. आठ-दहा कळ्या वेगवेगळ्या वयाच्या तोडा, घरी बसून सोलून बघा. फुलाची रचना बोटांना कळली पाहिजे: मागे मोठा ध्वज, बाजूंना दोन पंख, आणि मध्ये दोन पाकळ्या जुळून झालेली नाव. या नावेत पुंकेसर आणि स्त्रीकेसर लपलेले असतात. पुंकेसर दहा: नऊ तळाशी जुळून नळी झालेली, दहावा सुटा. मध्ये चपटा हिरवा अंडाशय, त्याच्या टोकाला काटकोनात वर वळलेली काडी, तिच्या आतल्या बाजूला बारीक केस, आणि शेवटी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक.

६. पुंकेसर काढा

सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान बसा.

झाडावरच्या त्या पेरावरची दुसरी कळी आणि वरची उमललेली फुलं आधी खुडून टाका, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. कळी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत हलकी धरा. ध्वज मागे दुमडा, पंख खाली दाबून अंगठ्याखाली धरून ठेवा. आता नाव समोर येते. तिच्या वरच्या कडेला चिमट्याचं एक टोक घालून शिवण उसवल्यासारखी चीर द्या. नाव उघडली की पुंकेसर त्यांच्या दांड्यांना धरून एकेक ओढा. परागकोशाला चिमटा लावायचा नाही, तो फुटतो. मोजत काढा: दहा झाले पाहिजेत. नऊ निघाले आणि एक राहिला तर तो उद्या फुटेल आणि सगळं वाया जाईल.

अंडाशयाला किंवा काडीला चिमटा लागला तर दोन-तीन दिवसांत देठ पिवळा पडून कळी गळते. सुरुवातीला अर्ध्या कळ्या अशाच जातात. म्हणून १० दाणे हवे असतील तर १५ ते २० कळ्यांवर काम करा.

७. पराग लावा

वाटाण्यात कुक्षी फूल उमलायच्या कित्येक दिवस आधीपासून पराग घ्यायला तयार असते. त्यामुळे पुंकेसर काढल्यावर लगेच परागण करता येतं, दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागत नाही.

बापाच्या झाडावरून नुकतंच उमललेलं किंवा उमलायच्या बेतात असलेलं फूल तोडा. ध्वज आणि पंख काढून टाका. नाव मागे ओढली की काडीचं टोक बाहेर येतं. त्यावरच्या केसांना पिवळा पराग भरून लागलेला असतो. हाच तुमचा ब्रश. वेगळा कुंचला लागत नाही. ती काडी आईच्या कुक्षीवर दोन-तीनदा हलकेच टेकवा. भिंगातून कुक्षीवर पिवळे कण दिसले पाहिजेत. ते दिसेपर्यंत थांबा.

मग आईच्या पाकळ्या पुन्हा जागच्या जागी मिटवा, त्यांच्यामुळे कुक्षी वाळत नाही. वर बटर पेपरची पिशवी अडकवा, देठाला घट्ट दाबू नका. तीन-चार दिवसांनी पिशवी काढा. वाटाण्यात मधमाशांमुळे होणारं परपरागण फारच कमी, पण नाव आपण चिरलेली असते, आणि फुलकिडे आत शिरतात.

बाप बदलताना चिमटा आणि बोटं स्पिरिटने पुसून कोरडी करा. ओलं स्पिरिट कुक्षीला लागलं तर कुक्षी मरते.

८. लेबल आणि वही

लेबल त्याच मिनिटाला बांधा. पाच कळ्या करून मग पाच लेबलं लिहू, असं ठरवलं की एक तरी चुकतं. लेबलावर चार गोष्टी पुरेत: संकर क्रमांक, आई × बाप (आईचं नाव नेहमी आधी), तारीख, आणि कुणी केलं त्याचं आद्याक्षर.

वहीत प्रत्येक संकराला एक ओळ: क्रमांक, आईचं झाड कितवं, बापाचं झाड कितवं, तारीख, वेळ, शेंग धरली की गळली, दाणे किती, आकार, रंग. गळलेल्या कळ्यांचीही नोंद करा. कोणत्या दिवशी जास्त गळल्या हे दिसलं की कारण सापडतं. बहुतेक वेळा त्या दिवशी ऊन चढल्यावर काम झालेलं असतं.

९. पहिली काढणी: एफ१

शेंग झाडावरच पूर्ण वाळू द्या. कोवळे सगळेच दाणे हिरवे आणि गुळगुळीत असतात. पिवळा-हिरवा आणि गोल-सुरकुतलेला हा फरक वाळल्यावरच कळतो. संकर केलेल्या शेंगेत दाणे कमी भरतात, तीन-चार मिळाले तरी समाधान माना.

प्रत्येक शेंग वेगळ्या पाकिटात. सोला आणि बघा. आई अर्केल, म्हणजे आपल्या आपण झालेले दाणे सुरकुतलेले हिरवे असायला हवे होते. तुमच्यासमोर गोल, पिवळा, टणक दाणा आहे. अर्केलच्या शेंगेत, अर्केलच्या टरफलाआड, बापाचे दोन्ही गुण. टरफलाची एक पापडी काढून डाळीचा रंग बघा, खात्री पटेल.

सुरकुत्या कशामुळे पडतात हेही आता माहीत आहे. गोल दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक एन्झाइम नीट चालतं. सुरकुतलेल्यात त्याच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे, म्हणून स्टार्च कमी, साखर जास्त. साखरेमुळे कोवळा दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळताना आक्रसतो. भाजीचा वाटाणा गोड लागतो तो यामुळेच. एफ१ मध्ये जनुकाचं एक रूप चांगलं, एक बिघडलेलं, आणि गोलाई राखायला एक चांगलं पुरतं.

दाणे आठवडाभर सावलीत वाळवा, दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. मग बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. भुंगेऱ्याने मेंडेललाही त्रास दिला होता. उघड्या डब्यात ठेवलेलं बियाणं जूनपर्यंत पोकळ होतं.

१०. दुसरा हंगाम: एफ१ पेरा, एफ२ मोजा

दहा-पंधरा एफ१ दाणे पेरा. कळ्यांना हात लावू नका, झाडं आपल्या आपण परागण करतील. झाडं उंच होतील, काठ्या आधीच रोवा. मेंडेलच्या संकरांत तर एफ१ झाडं उंच जनकाहूनही उंच गेली होती. भुरी आली तर गंधकाची फवारणी करा. रोगट झाडाचे दाणे नीट भरत नाहीत आणि गोल दाणाही चिंबून सुरकुतलेल्यासारखा दिसतो.

काढणी झाडनिहाय. एकेक शेंग उघडताना चार प्रकार, कधी कधी एकाच शेंगेत शेजारी शेजारी, दिसतील: गोल पिवळा, गोल हिरवा, सुरकुतलेला पिवळा, सुरकुतलेला हिरवा. ज्या गुणांचा एफ१ मध्ये मागमूस नव्हता ते जसेच्या तसे परत आलेले असतात, ना अर्धे, ना फिकट.

मोजताना या चुका टाळा:

दाबले गेलेले दाणे. भरगच्च शेंगेत गोल दाण्यांना शेजाऱ्याचा दाब लागून खळगा पडतो. खळगा एक-दोनच आणि गुळगुळीत असतो. खऱ्या सुरकुत्या सगळ्या पृष्ठभागावर जाळीसारख्या. शंका असेल तर दाण्याचा कण खरवडून आयोडीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघा: गोल दाण्यातले स्टार्चकण अखंड लंबगोल, सुरकुतलेल्यातले फुटल्यासारखे, अनेक तुकड्यांचे.

उडालेला रंग. हिरवे दाणे उन्हात किंवा दवात पडून राहिले तर पिवळट पडतात. टरफल काढून डाळ बघा.

पेरल्यानंतर मोजणं. दाण्याचे गुण दाण्यावरच मोजा. उगवलेल्या रोपांवरून मोजलं तर सुरकुतलेले आधी कुजलेले असतात आणि प्रमाण बिघडतं.

एका झाडावरून निष्कर्ष. मेंडेलच्या एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले आले, दुसऱ्यावर १४ आणि १५. रंगात एका झाडावर ३२ पिवळे आणि १ हिरवा, दुसऱ्यावर २० आणि १९. पण २५३ झाडांचे ७,३२४ दाणे एकत्र केले तेव्हा ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे २.९६:१. प्रमाण मोठ्या आकड्यात दिसतं, शेंगेत नाही.

किती दाणे हवेत? सोळात एक असणारा सुरकुतलेला हिरवा दाणा निदान एकदा दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी तर ४७ दाणे लागतात. प्रमाण तपासायला मात्र ३०० च्या खाली थांबू नका.

११. आकडे जुळतात का: काय-वर्ग चाचणी

मेंडेलने १५ एफ१ झाडांवरून ५५६ दाणे मोजले: गोल पिवळे ३१५, सुरकुतलेले पिवळे १०१, गोल हिरवे १०८, सुरकुतलेले हिरवे ३२. अपेक्षित प्रमाण ९:३:३:१, म्हणजे ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५.

प्रत्येक वर्गासाठी (मिळालेले − अपेक्षित) चा वर्ग करा, अपेक्षित आकड्याने भागा, चारही उत्तरांची बेरीज करा. इथे ०.०१६, ०.१०१, ०.१३५, ०.२१८; बेरीज ०.४७. चार वर्ग म्हणजे स्वातंत्र्यांश (वर्गांच्या संख्येहून एक कमी) ३, आणि ५ टक्के पातळीला मर्यादा ७.८१५. त्याच्या बरीच आत, म्हणून ९:३:३:१ नाकारायला कारण नाही. दोनच वर्ग असतील (३:१) तर स्वातंत्र्यांश १ आणि मर्यादा ३.८४१.

टक्केवारीवर ही चाचणी कधीही लावू नका. समजा ८२ गोल आणि ३८ सुरकुतलेले आले. ३:१ नुसार ९० आणि ३० हवे होते, बेरीज २.८४, चालेल. तेच प्रमाण दुप्पट दाण्यांत, १६४ आणि ७६ आलं तर बेरीज ५.६९, चालणार नाही. टक्के दोन्हीकडे एकच आहेत. पुरावा किती हे दाण्यांच्या संख्येत असतं, आणि टक्के काढले की तीच पुसली जाते.

१२. तिसरा हंगाम: आत काय दडलंय

एफ२ मधले गोल दाणे दिसायला सारखे, पण आतून दोन जातींचे असतात: तीनातला एक शुद्ध, दोन मिश्र. हे डोळ्यांनी कळत नाही, पेरावं लागतं. प्रत्येक गोल दाण्याचं झाड वेगळं वाढवा आणि त्याच्यावरचे दाणे बघा. सगळे गोल तर तो दाणा शुद्ध होता. गोल आणि सुरकुतलेले दोन्ही तर मिश्र. मेंडेलच्या ५६५ झाडांत १९३ शुद्ध आणि ३७२ मिश्र निघाली. एका झाडावर निदान १७ दाणे भरलेले हवेत. त्याहून कमी असले तर मिश्र झाड नुसत्या योगायोगाने शुद्ध दिसण्याची शक्यता एक टक्क्याहून वाढते. दहाच दाण्यांवर ती साडेपाच टक्क्यांच्या पुढे जाते.

याच हंगामात उंचीही मोजा, कारण एफ२ झाडं आता पहिल्यांदा उभी आहेत. पूर्ण उंची नको, पाच-सहा आठवड्यांच्या झाडावर दोन पेरांमधलं अंतर मोजा. बुटक्या झाडात जिबरेलिन हे संप्रेरक पुरेसं बनत नाही म्हणून कांडी आखूड राहते. जिबरेलिन फवारलं तर बुटकं झाडही उंच होतं, पण त्याचे दाणे पेरले की पुन्हा बुटकीच झाडं येतात. दाट लावणीत सावलीमुळे सगळीच झाडं लांबट होतात, म्हणून अंतर पाळा.

जमलं तर एक उलटा संकरही करा: एफ१ झाड आई, अर्केल बाप. मग अर्केलकडून फक्त अप्रभावी रूपंच येतात आणि एफ१ ने कोणती बीजांडं कशा प्रमाणात तयार केली ते थेट दाण्यांत दिसतं. मेंडेलला असे ३१, २६, २७, २६ दाणे मिळाले. चार वर्ग, जवळजवळ सारखे. इथे आई गोल-पिवळी असल्याने चूक पकडणं अवघड, म्हणून पुंकेसर काढताना दुप्पट काळजी घ्या.

१३. ३:१ आलंच नाही तर

क्रमाने तपासा. आधी लेबलं आणि वही. मग आईबापांची शुद्धता. मग मोजणी दुसऱ्याकडून, तुमचे आकडे न सांगता, करून घ्या.

हे सगळं बरोबर निघालं तर गुणच वेगळ्या स्वभावाचा असू शकतो. गुलबाक्षीच्या लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरात एफ१ गुलाबी येते आणि एफ२ मध्ये लाल, गुलाबी, पांढरी १:२:१. तिथे कुणीच पूर्ण प्रभावी नाही. गुलबाक्षीच्याच चट्टेरी पानांचा गुण फक्त आईकडून येतो, बाप कोणताही असो, कारण तो हरितकणांतून जातो. काही गुणांना दोन जनुकं मिळून लागतात, तेव्हा ९:७ येतं. दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळ असतील तर ९:३:३:१ मोडतं आणि आईबापांसारख्या जोड्याच जास्त दिसतात. दाण्याचा आकार आणि डाळीचा रंग यांची जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, म्हणून आपल्या प्रयोगात ही अडचण येत नाही.

शेंगांची संख्या, दाण्याचं वजन, फुलावर येण्याचे दिवस यांना वर्गांत बसवू नका. त्यांत अनेक जनुकं आणि हवा-पाणी दोन्ही मिसळलेलं असतं. ते मोजायचे झाले तर आई, बाप, एफ१ आणि एफ२ एकाच शेतात, एकाच दिवशी, शेजारी शेजारी पेरून प्रत्येक झाडाची वेगळी नोंद ठेवा, आणि सरासरीसोबत पसाराही लिहा.